ज्याचं नाव वहीत नव्हतं

शुक्रवार, ११ फेब्रुवारी १९६६. जुम्म्याची नमाज होऊन तासभर झाला होता. रक्कम दोनशे चाळीस रुपये, दहा-दहाच्या चोवीस नोटा. जागा दुबईत देरा भागातली आमच्या गावची खोली. हजर चौघे: मी, खालू, दुभाष्या, आणि एक म्हातारा सुकाणी. सुकाणी जेवून भिंतीकडे तोंड करून आडवा झाला होता आणि झोपल्याचं सोंग घेऊन शब्द न् शब्द ऐकत होता.

नोटा खालूंनी बंडीतून काढून चटईवर ठेवल्या.

"बारा जुम्मे. दर जुम्म्याला वीस. खलास. ह्याच्यावर एक पैसा घेतला असेल तर अल्ला बघून घेईल."

"पैसे किती ते मी विचारलंच नाही," मी म्हणालो. "विकलंत काय, ते सांगा."

"वही विकली नाय. वही खिळ्याला हाय. बघ की."

वही खरंच दारामागच्या खिळ्याला लटकत होती. दुभाष्या इस्त्रीच्या पँटीची घडी सांभाळत उकिडवा बसला होता. तो म्हणाला, "तुम्ही उगीच तापताय. फक्त कॉपी केलीय. इट्स नॉट अ क्राइम."

मी नोटांना हात लावला नाही. खालूंनी थोडी वाट पाहिली आणि त्या उचलून परत बंडीत घातल्या. पुढे त्या पैशांचं काय झालं ते मी विचारलं नाही.

हे लिहिताना मी रागात आहे, हे आधीच सांगून टाकतो. वीस वर्षं झाली म्हणून राग कमी झालेला नाही. परवा शारजाच्या आमच्या फ्लॅटमध्ये मी माझ्या मेहुण्याच्या मुलाच्या व्हिसाचे कागद भरत बसलो होतो. फी, टायपिंग, फोटो मिळून दोनशे दिरहम, म्हणजे सातशे रुपये. धाकटीने डोकावून विचारलं, "पपा, वॉज मामू रिअली अ स्पाय?" थोरला लगेच, "वाव!" दोघांनाही मी ओरडलो. ती बिचारी कुठून तरी अर्धवट ऐकून आलेली. मग ठरवलं, एकदाच, पूर्ण, तारखांसकट लिहून ठेवायचं.

आमचं गाव रत्नागिरी जिल्ह्यात, खाडीच्या मुखाशी. घरटी एक माणूस जहाजावर. मुंबईत आमच्याकडच्या प्रत्येक गावाची एक खोली असते. दोन जहाजांच्या मधल्या दिवसांत खलाशी तिथे झोपतो, त्याची पेटी तिथे राहते, घरची पत्रं तिथे येतात. दुबईत लोक यायला लागले तशी दुबईतही खोली झाली. त्या साली आम्ही एकोणीस जण होतो. मी एका अरबी व्यापाऱ्याच्या पेढीवर कारकून होतो. त्याला आम्ही अरबाब म्हणायचो. त्याच्या सहा लाँची होत्या. खोलीची चावी खालूंकडे. खालू म्हणजे माझ्या बायकोच्या मावशीचे नवरे, पण लहानथोर सगळे त्यांना खालूच म्हणत.

वही सुरू झाली ती एका बाईमुळे. १९६१ साली आमच्या गावचा एक जण बसऱ्याकडे जाणाऱ्या लाँचवर चढला आणि लाँच बुडाली. तो कुठल्या लाँचवर चढला हेच खोलीत कुणाला ठाऊक नव्हतं. त्याची बायको गावी चौदा महिने वाट बघत होती. आपण विधवा आहोत की नाही हे तिला माहीत नव्हतं. इद्दतीला, म्हणजे विधवेच्या सुतकाला, बसावं तर नवरा जिवंत असला तर काय, आणि न बसावं तर लोक काय म्हणतील. चौदा महिन्यांनी त्या लाँचवरचा वाचलेला एक माणूस भेटला तेव्हा कळलं. त्यानंतर खोलीत ठरलं, की लाँचवर चढण्याआधी प्रत्येकाने वहीत लिहवून जायचं. नाव, लाँच, नाखवा आणि परत यायचा अंदाज. लिहिणार मी, कारण माझं अक्षर चांगलं.

एवढ्यावर थांबलो असतो तर बरं झालं असतं. पण मला अपुरं काही लिहवत नाही. लाँच कधी परतणार हे मालावर अवलंबून असतं. सिमेंट असेल तर उतरवायला दोन दिवस, खजूर असेल तर एक. म्हणून मी मालाचा रकाना घातला. वाटेत कुठे थांबणार, याचा घातला. शेवटचा रकाना, बरंवाईट झालं तर कुणाला कळवायचं: आईचं किंवा बायकोचं नाव. एकूण आठ रकाने झाले. कुणी सांगितलं नव्हतं. मला त्याचा अभिमान होता. पाहुणा आला की खालू वही काढून दाखवायचे, "बघा, आमच्या पोरानं कसं ठेवलंय, कचेरीत असं नसेल."

कचेरीवाल्यांनाही तसंच वाटलं.

त्या वेळी इथे कुणाचं राज्य होतं, हे मुलांना समजावताना माझी पंचाईत होते. शेख होते, पण संरक्षण आणि व्हिसा इंग्रजांच्या हातात. आमच्यासारख्या हिंदी माणसाला यायचं तर खाडीकाठच्या मोठ्या कचेरीतून कागद लागायचा. चलन आपल्या रिझर्व्ह बँकेने खास आखातासाठी छापलेले रुपये. तिकडे एडनमध्ये इंग्रजांविरुद्ध लढाई पेटली होती. इकडच्या शाळांत मिसरी, म्हणजे इजिप्तचे, मास्तर शिकवायला आले होते आणि त्यांच्या देशाचा रेडिओ इंग्रजांना रोज शिव्या घालायचा. इंग्रजांना वाटायचं, प्रत्येक लाँचच्या तळाला एडनसाठी बंदुका आहेत. मिसऱ्यांना वाटायचं, प्रत्येक बंदरावर इंग्रजांचा माणूस आहे. दोघंही पैसे देऊन ऐकीव बातम्या विकत घ्यायचे. आमचं ह्यातल्या कुणाशीही भांडण नव्हतं. आम्ही सिमेंटची पोती मोजत होतो.

दुभाष्या त्या मोठ्या कचेरीत कामाला. तो रत्नागिरीकडे आमच्या खाडीपलीकडच्या गावचा, म्हणजे आमच्यातलाच. शुक्रवारी तो खोलीवर जेवायला यायचा. तांदळाची भाकरी आणि माशाचं कालवण बघून त्याच्या डोळ्यांत पाणी यायचं, हे मी स्वतः पाहिलेलं आहे. शुक्रवारी सकाळी मी अरबाबच्या पेढीवर असायचो, नमाजेला तिथूनच परस्पर जायचो. दुभाष्या दहालाच खोलीवर यायचा आणि मी येईपर्यंत त्याची नक्कल उतरवून झालेली असायची. नोव्हेंबरपासून बारा शुक्रवार.

आता त्या फेरीचं सांगतो.

रविवारी, ३० जानेवारीला अरबाबची एक लाँच दुबईहून खोर फक्कान बंदराला निघाली. माल दीडशे पोती सिमेंट. वाटेत शारजाला थांबून चार लाकडी पेट्या घ्यायच्या होत्या. त्या शारजातल्या एका मिसरी मास्तरने खोर फक्कानच्या नव्या शाळेसाठी पाठवल्या होत्या. नाखवा आणि तीन खलाशी. तिन्ही खलाशी आमच्या खोलीतले, तिघांची नावं गुरुवारी रात्रीच वहीत लिहिलेली.

शारजाला पोहोचेपर्यंत तिघांतल्या एकाला सणसणून ताप भरला. नाखव्याने त्याला उतरवलं. माझा मेहुणा, बायकोचा धाकटा भाऊ, तेव्हा बावीस वर्षांचा, शारजाच्या खाडीवर हमाली करत होता. नाखव्याने त्याला हाक मारली, "येतोस का रे, आठ दिवसांचं काम हाय." तो कमरेला लुंगी होती तसा चढला. मंगळवारी तापवाला एका लॉरीतून खोलीवर आला, कण्हत कण्हत मला सांगितलं, आणि मी लगेच वहीत त्याच्या नावावर रेघ मारून खाली मेहुण्याचं नाव, तारीख आणि कारण लिहिलं. माझं काम मी चोख केलं. पण दुभाष्याची नक्कल शुक्रवारची होती.

गुरुवारी, ३ फेब्रुवारीला खोर फक्कानच्या अलीकडे इंग्रजांच्या करड्या बोटीने लाँच अडवली. त्यांच्या हातात यादी होती. यादीतला एक माणूस लाँचवर नाही आणि लाँचवरचा एक माणूस यादीत नाही. मिसरी मास्तरच्या पेट्या जिथे चढल्या, बरोबर तिथेच हा नवा माणूस चढलेला. त्यांचा हिशेब एका मिनिटात झाला. हा निरोप्या. बाकीच्यांना त्यांनी सोडून दिलं आणि मेहुण्याला शारजाच्या छावणीत नेऊन डांबलं.

माझी वही इतकी खरी होती, की तिच्यात नाव नसणं हाच गुन्हा झाला.

पेट्यांत खडू, वह्या, भिंतीवर लावायचे नकाशे आणि दोन फुटबॉल होते. फुटबॉल त्यांनी सुरीने कापले. सिमेंटची पोतीही आत काही दडवलंय का म्हणून एकूण एक कापली, आणि समुद्राचं पाणी उडून सगळं सिमेंट गेलं.

शनिवारी नाखवा परतला तेव्हा आम्हाला कळलं. सोमवारी कचेरीची जीप तापवाल्याला न्यायला खोलीवर आली. तो दोन तासांनी परत आला तो पांढराफटक पडून.

"त्यांच्याकडं टाइप केलेला कागद हाय," तो म्हणाला. "इंग्रजीत. माझं नाव, बापाचं नाव, लाँच, नाखवा, माल..."

"रकाने किती?"

"मी काय मोजत बसलो?" मग आठवून म्हणाला, "पण शेवटी माझ्या आईचं नाव हाय. सायबानं विचारलं, ही बाई कोण? आता सायबाला माझ्या आईशी काय करायचंय?"

जगातली कुठलीही सरकारी कचेरी खलाशाच्या यादीत त्याच्या आईचं नाव टाइप करत नाही. तो रकाना फक्त माझा होता. त्या कचेरीतला आमच्या खोलीत येणारा माणूस एकच होता, आणि खोलीची चावी खालूंकडे. म्हणून त्या शुक्रवारी मी पेढीवरून लवकर निघालो, नमाज जवळच्या मशिदीत पढलो, आणि दोघांना खोलीत गाठलं.

नोटा बंडीत गेल्यावर खालू रडतील असं मला वाटलं होतं. ते उलट माझ्यावरच उसळले.

"तुला वाटतं मी चैन केली? ह्या खोलीतल्या सात जणांचे कागद कुणी करून दिले? ह्यानं," दुभाष्याकडे बोट. "तुझ्या मेहुण्याचा कागद पण ह्यानंच केला. तू आणलास? तुझ्या अरबाबनं आणला? मी रोज त्या कचेरीच्या दारात उभा राहायचो तेव्हा तू कुठं होतास, मोठा मुन्शी?"

"म्हणून त्यालाच विकलात?"

"त्याचं नाव वहीत नव्हतं रे," खालू म्हणाले, आणि हे ते अगदी मनापासून म्हणाले. "मला काय ठावं, ज्याचं नाव नाय त्यालाच धरतील?"

"आणि हा?" मी कोनाड्यातल्या नव्या ट्रांझिस्टरकडे बोट दाखवलं. दोन महिन्यांपूर्वी तो आला होता. खालू म्हणाले होते, सस्त्यात मिळाला. रोज संध्याकाळी आम्ही सगळे त्याच्याभोवती बसायचो.

भिंतीकडून म्हाताऱ्या सुकाण्याचा आवाज आला, "सांगा आता. मिसरी मास्तरनं दिला. मला पैल्या दिवसापासून ठावं हाय."

"तू झोप," खालू खेकसले.

"कसा झोपू? तुमचा बाजार भरलाय इथं."

म्हणजे एकाच वहीची नक्कल दोघांनी घेतली होती. एकाने वीस रुपयांत, दुसऱ्याने एका रेडिओत. दुभाष्याचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. मेहुणा छावणीत होता त्याचं त्याला काही नव्हतं. आपला माल दुसऱ्यालाही विकला गेला, हा धक्का त्याला बसला होता.

त्याच रेडिओने आमचं पुढचं वाटोळं केलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मिसरी बातम्यांत आलं, की साम्राज्यवाद्यांनी शाळेच्या मुलांची पुस्तकं पळवली आणि एका शूर अरब तरुणाला कैद केलं. पेढीवर राहून मला अरबी कळायला लागली होती. मी भाषांतर करून सांगितलं. खोलीत कुणीतरी हसलं, "अरब? त्याला अजून 'यल्ला'च्या पुढं एक शब्द येत नाय."

मला हसू आलं नाही. मी रविवारी शारजाला मास्तरकडे गेलो. नीट कपडे, चष्मा, अतिशय सभ्य माणूस. मला त्याने चहा दिला. मी म्हणालो, उस्ताद, तो मुलगा अरब नाही, तुमचा माणूस नाही, एवढं रेडिओवरून सांगायला लावा. नाहीतर इंग्रज त्याला एडनला पाठवतील.

मास्तर म्हणाला, "हबीबी, त्याचा त्याग वाया जाणार नाही."

"त्याने त्याग केलेला नाही. तो आठ दिवसांच्या मजुरीवर चढला होता."

"इतिहासात सामान्य माणसंच..." असं काहीतरी तो सांगू लागला. मी चहा अर्धा ठेवून उठलो. त्याला मेहुण्याचं नावही माहीत नव्हतं. विचारलंही नाही त्याने. शूर अरब तरुण एवढं त्याला पुरेसं होतं.

छावणीच्या फाटकावरच्या पहारेकऱ्याकडून दोन दिवसांनी कळलं, की महिनाअखेरीस एक विमान एडनला जाणार आणि त्याच्यातून काही कैदी जाणार. एडनच्या तुरुंगाबद्दल काय काय ऐकू येत होतं ते इथे लिहीत नाही. बायकोला मी काही कळवलं नव्हतं. काय लिहिणार होतो? माझ्या रकान्यांमुळे तुझा भाऊ अडकला?

वाचवायचा एकच मार्ग होता. मूळ वही दाखवायची. मंगळवारची नोंद, रेघ मारलेलं नाव, खाली मेहुण्याचं नाव, कारण ताप. लाँच अडवण्याच्या दोन दिवस आधीची नोंद. पण वही दाखवायची म्हणजे एकोणीस जणांचं सगळं त्यांच्या हातात द्यायचं. त्यात तिघं असे होते, की त्यांच्या मुंबईच्या फेरीसमोर मी मालाचा रकाना रिकामा ठेवला होता. दुबईहून मुंबईला त्या काळी काय जायचं हे कुणाला सांगायची गरज नाही. इतर सगळे रकाने भरलेले आणि तेवढाच कोरा, म्हणजे सोनं असं मीच लिहून दिल्यासारखं होतं. नकलेत तोही कोराच गेला होता. पण मूळ वही कचेरीच्या टेबलावर गेली, की तिचा पुरावा होतो.

मी संध्याकाळी सगळ्यांना बसवून सरळ विचारलं.

"दे की," एक जण म्हणाला. "मी साबणाच्या पेट्या घेऊन बसऱ्याला गेलो होतो हे राणीला कळू दे. तिला पण साबण लागतच असेल."

"माझं पण दे. आईचं नाव नीट वाचायला सांग त्यांना."

रिकाम्या रकान्यांच्या तिघांतला एक सगळ्यात शेवटी बोलला. त्याला चार मुली होत्या. म्हणाला, "मुन्शी, मुंबईला कागद गेला तर मी आत. पण पोरगा एडनला गेला तर तुझ्या बायकोला मी तोंड नाय दाखवू शकणार. ती माझ्या बायकोची मैत्रीण हाय. वही ने. फक्त त्यांच्याकडं ठेवू नको."

वही घेऊन मी २३ फेब्रुवारीला, बुधवारी, मोठ्या कचेरीत गेलो. साहेब पन्नाशीचा, पूर्वी पुण्याला पलटणीत होता म्हणे. हिंदुस्थानी चांगलं बोलायचा, मराठी अक्षरही वाचायचा. दुभाष्या बाजूला उभा, माझ्याकडे न बघता.

साहेबाने वही उघडली. सगळी पानं चाळली. मंगळवारच्या नोंदीवर बोट ठेवून थांबला. शाई बघितली, वरखालच्या तारखा बघितल्या. मग वहीच्या पहिल्या पानावर परत गेला आणि अगदी सावकाश एकेक पान वाचायला लागला. मेहुण्याचा प्रश्न त्याच्यापुरता तिथेच संपला होता. तो निर्दोष आहे हे त्याला त्या एका मिनिटात कळलं, हे मी त्याच्या चेहऱ्यावर वाचलं.

"मुन्शीजी," तो म्हणाला, "ऐसी साफ किताब हमारे दफ्तर में भी नहीं है."

"मग मुलाला सोडा."

"छोड़ेंगे. लेकिन उनका रेडिओ उसको अपना आदमी बोलता है. हम ऐसे ही छोड़ दें तो लंडन पूछेगा." मग पुढे झुकून, "आप एक काम कीजिए. किताब चालू रखिए. ऐसी ही. हर हफ्ते चालीस रुपया, आपको, सीधा. लड़का यहीं दुबई में रहेगा, काम करेगा, मैं जिम्मेवार."

"आणि नाही म्हटलं तर?"

"तो भी एडन नहीं जाएगा. मैं ज़ालिम नहीं हूँ. लेकिन फिर बंबई भेजना पड़ेगा. वापस नहीं आ सकेगा."

माझा पगार तेव्हा महिन्याला दोनशे दहा होता. हे इथे लिहितो कारण मी त्या खुर्चीत बसून महिन्याचे एकशे साठ त्यात मिळवून पाहिले. मिळवले. माणूस आहे. मेहुण्याच्या घरी म्हातारी आई, घराचं अर्धं छप्पर त्याच्या पैशातून झालेलं, अर्धं राहिलेलं. हो म्हणायला एक शब्द पुरला असता. आणि उरलेल्या अठरा जणांचं जाणंयेणं दर आठवड्याला माझ्या सुंदर अक्षरात ह्या टेबलावर आलं असतं. पुढच्या वेळी कुणाच्या तरी नावावर रेघ मारायला मला दोन दिवस उशीर झाला असता, की परत छावणी.

"साहेब," मी म्हणालो, "ही वही एका विधवेसाठी सुरू केली होती."

त्याला काही समजलं नाही. दुभाष्याला समजलं. त्याने भाषांतर केलं नाही.

मी वही मागितली. साहेबाने ती दिली, हे खरं आहे, नाकारत नाही. खोलीवर येऊन मी ती फाडली आणि चुलीत घातली. नवी केली नाही. खालूंनी चावी दुसऱ्याकडे दिली आणि दोन महिन्यांत गावी गेले. त्यांच्याशी मी पुन्हा बोललो नाही, त्यांच्या मयताला मात्र गेलो.

मेहुण्याला १४ मार्चला सोडलं. एकोणचाळीस दिवस. सरळ छावणीतून मुंबईच्या बोटीवर. धक्क्यावर मला पाच मिनिटं मिळाली. हडकला होता, दाढी वाढलेली, अंगात कुणाचा तरी शर्ट.

"दुल्हेभाई, ते मला सारखे अरबीत काहीतरी विचारायचे," तो म्हणाला. "मी म्हणायचो, नाय कळत. तर म्हणायचे, चांगलं नाटक करतोस."

मी त्याला साहेबाची अट सांगितली. लपवलं नाही. मी नाही म्हणालो म्हणून तू चाललायस, हे त्याला तोंडावर सांगितलं.

त्याने शर्टाच्या बाह्या वर दुमडल्या. "मला विचारायचं तरी होतंत," म्हणाला. "मी पण नायच म्हणालो असतो. पण विचारायचं होतंत."

अठरा जणांना बसवून विचारलं होतं. ज्याचं आयुष्य होतं त्याला विचारलं नव्हतं.

बायकोचं पत्र एप्रिलमध्ये आलं. चार ओळी. त्यातली एक अशी: "भाऊ घरी आला, रात्री दचकून उठतो, तुम्ही बरे असाल." पुढचं वर्षभर ती पत्रात फक्त तब्येतीचं आणि पावसाचं लिहायची. मेहुण्याला पुन्हा आखाताचा कागद मिळाला नाही. तो पुढे गावातच एसटी स्टँडवर पानाचं दुकान चालवायला लागला, अजून चालवतो. गावात काही लोक त्याला अजूनही हेर म्हणतात, चेष्टेने. चेष्टा आहे हे सांगायला ते विसरतात.

साहेबाची बदली झाली. मास्तरचीही. पाच वर्षांनी इंग्रज गेले. इथे स्वतंत्र देश झाला आणि त्याने आम्हाला कामं दिली, घरं दिली, माझी मुलं इथे वाढली. दोन राज्यांनी एकमेकांवर पाळत ठेवण्यासाठी जे काय केलं, त्यातून इंग्रजांना एडन राखता आलं नाही आणि मिसऱ्यांना इथे काही मिळालं नाही. कुणाला बंदूक सापडली नाही. खडू सापडले.

मेहुणा बोटीने गेला त्याच महिन्यात अरबाबने मला बोलावलं होतं. सिमेंट कापलं, भिजलं, त्याचं नुकसान कचेरीकडे मागायचं होतं. अर्ज लिहायला माझ्याइतका चोख माणूस कोण? मी लिहिला. दीडशे पोती, दर पोत्याला साडेसात रुपये, एकूण एक हजार एकशे पंचवीस. खाली मी माझ्या अकलेने आणखी एक ओळ घातली: एक खलाशी, एकोणचाळीस दिवस, दिवसाला चार रुपये, एकूण एकशे छप्पन्न. अरबाबने वाचलं, माझ्याकडे पाहिलं, आणि सही केली.

उत्तर एकोणीस दिवसांत आलं. एकशे छप्पन्नच्या ओळीवर लाल पेन्सिलीने सरळ रेघ मारली होती, पट्टी लावून. बाकी मागणी मान्य. एक हजार एकशे पंचवीस रुपये, पूर्ण, एका हप्त्यात, सिमेंटच्या दीडशे पोत्यांबद्दल, लाँचच्या मालकाला.